चला, पणजीच्या गल्ल्यांत!

बार्सिलोना, लिस्बन, नेपल्सचे व्हिडिओ पाहून ‘एकदा तिथे जायचंच’ म्हणणारी मुलं आपल्या मावल्यात घरोघरी आहेत. जरूर जा. पण पासपोर्ट येईपर्यंत त्याच धाटणीचं एक शहर आपल्या देशात पाहून या. ते म्हणजे पणजी. गोव्याला जाऊनही ती बहुतेकांची राहून जाते, कारण आपण थेट कलंगुट-बागाचा किनारा गाठतो.

तसं पाहिलं तर पोर्तुगालला भूमध्य समुद्राचा किनारा नाही, तो देश अटलांटिकवर आहे. पण घरं, जेवण आणि राहणी पाहिली तर तो स्पेन-इटलीचाच भाऊ. ती राहणी पोर्तुगीजांनी मांडवीकाठी आणली. जुन्या गोव्यात रोगराईने लोक हैराण झाले, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीतल्या आदिलशाही वाड्यात राहायला आला. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

मला विचाराल तर सुरुवात फोंतेन्हासपासून करा. आल्तिनो टेकडी आणि उरें खाडी यांच्या मधली ही वस्ती. झऱ्यावरून तिला हे नाव पडलं. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती, कौलारू छपरं, रस्त्यावर आलेले लोखंडी कठड्यांचे सज्जे. पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे, म्हणून घरं रंगीत. काही जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या दिसतील. उजेड आत येतो, पण डोळ्यांवर येत नाही. संध्याकाळी सज्जात बसून समोरच्या घराशी गप्पा चालतात. आपल्याकडे जुन्या घरांची ओसरी हेच काम करायची.

तिथून सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चर्चमध्ये जा. तिथल्या क्रुसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. थोडं पुढे मळ्यात टेकडीवर मारुतीचं देऊळ आहे. दोन्ही ठिकाणं पायी एकाच फेरीत होतात. आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत निळ्या-पांढऱ्या फरशांवर कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत, तेही चुकवू नका.

भूक लागली की पोई, शाकुती, काफ्रियाल आणि शेवटी बेबिंका. काफ्रियाल पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आलं. आणि पोर्तुगीज आपल्यापासून फार दूर आहेत असं समजू नका. पाव, बटाटा, काजू, चावी, बादली हे शब्द त्यांचेच. मावल्यातल्या स्वयंपाकघरात ते रोज बोलले जातात!

दुपारी पणजीतली बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे चिडू नका. रात्री मांडवीत कॅसिनोच्या बोटी झगमगतात. मला मात्र खरी रात्र रस्त्यावरच्या गाड्यांवर दिसली. तिथे रॉस ऑम्लेट मिळतं. ऑम्लेटवर गरम शाकुतीचा रस्सा, वर कांदा, सोबत पाव. टॅक्सीवाला, कॉलेजची पोरं, कुटुंबं, सगळे एकाच गाड्याभोवती उभे असतात.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगते. फोंतेन्हास हा सिनेमाचा सेट नाही, तिथे माणसं राहतात. फोटोसाठी लोक परक्यांच्या पायऱ्यांवर बसतात, खिडकीत डोकावतात, मध्यरात्री गोंगाट करतात. म्हणून काही घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्या आहेत. हे घर टिकवणंही सोपं नाही. दर पावसाळ्यानंतर कौलं आणि रंग यांचा खर्च असतो. शिवाय गोव्याच्या नागरी कायद्यात मालमत्तेचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत एका घराला खूप वारसदार होतात. कुणी मुंबईला, कुणी लिस्बनला. सह्या जमत नाहीत आणि घराला कुलूप लागतं. मुलींना बरोबरीचा वाटा देणारा हा कायदा चांगलाच आहे, पण एकत्र बसून ठरवण्याची सवय नसेल तर भिंती वाट पाहत नाहीत.

हे आपल्यालाही लागू आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या काठाने आपलं मावला वाढतंय. गावाकडचं आजोबांचं घर पाडायचं की राखायचं, हा प्रश्न पुष्कळ घरांत आहे. सगळीच घरं राखता येणार नाहीत. पण निर्णयाआधी भावंडांनी एकदा तिथे जमावं, लाकूडकाम, ओसरी, चौक नीट पाहावा, फोटो काढावेत, वडीलधाऱ्यांना विचारून कुणी कधी काय बांधलं ते लिहून ठेवावं. एवढं तर या दिवाळीत होईल ना?

आणि पणजीला गेलात तर कॅमेरा काढण्याआधी सज्जातल्या आजींना हात जोडून विचारा. आजी ‘हो’ म्हणाल्या, तर दोन गप्पाही मारून या.