दुसऱ्या माणसालाही फोन उघडता यायला हवा

पूर्वी सातबारा, पासबुक, विम्याचे कागद एका ट्रंकेत असायचे आणि ट्रंकेची किल्ली घरातल्या बाईच्या कमरेला. आता ते सगळं एका फोनमध्ये गेलंय आणि फोन कसा उघडतो ते फक्त कर्त्या माणसाला ठाऊक. गडमुडशिंगीत ई-सेवा केंद्र चालवताना या एका गोष्टीपायी अडलेली घरं मी सतत बघतो. फोन घरातल्या निदान दोघांना उघडता आला पाहिजे, आणि हे सगळे धडधाकट असतानाच ठरलं पाहिजे.

एक वहिनी नवऱ्याचा फोन घेऊन आल्या होत्या. ते गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला होते, अचानक गेले. स्क्रीनवर नऊ ठिपके. वहिनी बोट टेकवून एक आकार काढायच्या, फोन थरथरायचा, तीस सेकंद थांबायला सांगायचा. "आई, पप्पा खालनं सुरू करायचे," पोरगा म्हणाला. खालनंही झालं नाही. पीएफचा नंबर, पॉलिसीचे हप्ते, कुणाकडनं किती येणं, सगळं त्या काचेच्या पलीकडं. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तर रिचार्ज कधीच संपलेला. नंबर 90 दिवस वापरात नसला की कंपनी तो बंद करू शकते आणि पुढं दुसऱ्या कुणालाही देऊ शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "त्यांनी कधी सांगितलं नाही ओ, आणि मीबी कधी विचारलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

सरकारी कामातही हीच अडचण. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. ज्यांचे दोघेही हयात नव्हते, त्या बायकांनी काय करायचं? पुढं मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडं देण्याची सोय झाली, पण तोवर किती जणींनी हेलपाटे घातले! ओटीपीशिवायची वाट कुठल्याही योजनेत पहिल्या दिवसापासून असायला हवी.

"पिन कुणालाही सांगू नका," हे बँका सांगतात ते बरोबरच आहे. पण ती ताकीद परक्यांसाठी. आपण ती बायकोलाही लावली. बाईमाणसाला यातलं कळत नाही, हे तर मला ऐकवतच नाही. दहा दिवसांचं दुधाचं बिल लिटर आणि फॅटसकट तोंडपाठ असणाऱ्या बाईला सहा आकडे लक्षात ठेवणं जड आहे का?

म्हणून एक कागद करा. फोनचा लॉक, आधारला जोडलेला नंबर, जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड, बँकांची नावं, पॉलिसी आणि पीएफचे नंबर. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात आठ आकडी दहा बॅकअप कोड मिळतात; फोन हरवला तरी त्यांतल्या एकेका कोडनं एकेकदा खात्यात शिरता येतं. तेही उतरवून ठेवा. यूपीआयचा पिन मात्र लिहू नका. माणूस गेल्यावर त्याच्या पिननं पैसे काढणं बरोबर नाही, त्यासाठी वारसनोंद असते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत वारस लावता येतात. तरी माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी पासबुकांवर तो रकाना कोरा असतो.

कागदाची दुसरी प्रत बहिणीकडं किंवा माहेरी, दुसऱ्या गावात, पाकिटात बंद करून ठेवा. 2019 आणि 2021 च्या महापुरात आपल्या जिल्ह्यात लोक अंगावरच्या कपड्यानिशी घराबाहेर पडले; कागद भिजले, फोन बंद पडले. तेव्हा एकाच घरात सगळं ठेवून भागत नाही.

दूध संस्था आणि विकास सेवा संस्थांनीही यात हात घालावा. सभासदांची यादी त्यांच्याकडं आहे, माणसं रोज दारात येतात. वारस लावलाय का आणि घरातला दुसरा नंबर कोणता, एवढं बिल देताना विचारून वहीत टिपायला फार वेळ लागत नाही. येत्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. वारसाचा अर्ज भरायला आमच्या केंद्रात कुणाकडनं पैसे घेणार नाही.