चिंतातुर स्वभाव

घरचें कोणी यावयास घटकाभर उशीर झाला कीं आम्ही ओटीवर येरझारा घालूं लागतों. अपघातच झाला असावा, असें मनानें परस्पर ठरविलेलें असतें. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक ह्यांनीं १९४७ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या चिंतातुरतेस व्यक्तिमत्त्वाचें एक मुख्य परिमाण मानिलें. हा रोग नव्हे. कमीअधिक प्रमाणांत ती सर्वांतच असते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतील ह्या फरकाचा जवळजवळ निम्मा भाग आनुवंशिक ठरतो. मग ‘उगाच काळजी करूं नये’ ह्या उपदेशानें (तो आम्हांस घरांतूनच चाळीस वर्षें मिळत आहे!) कितीसें साधणार?

परवां आमचा सात वर्षांचा नातू रात्रीं तीनदां उठून दाराची कडी पाहून आला. तेव्हांपासून आमच्या येरझारा मागील परसांत, त्याच्या दृष्टीआड चालतात.