लक्ष्मी चंचल म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

कोणी धनाढ्य एका रात्रीत देशोधडीला लागला अशी वार्ता आली, की पाचोडच्या आठवडे बाजारापासून मुंबईच्या शेअर बाजारापर्यंत तीन प्रकारची माणसे बोलू लागतात. पहिल्यांना आनंद होतो. ‘बरे झाले, फार माजला होता’, असे ती म्हणतात. दुसऱ्यांना हळहळ वाटते. केवढे वैभव होते, किती नोकरचाकर होते, हे आठवत ती उसासे टाकतात. तिसरी माणसे लक्ष्मी चंचल असल्याचा दाखला देतात आणि चहाचा पेला खाली ठेवून कामाला लागतात. आमच्या कार्यकर्त्यांत पहिल्या प्रकारचे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्याशीच प्रामुख्याने थोडे बोलावयाचे आहे.

पाचोड हे पैठण तालुक्यातील गाव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचा धनी मीर उस्मान अली खान याला १९३७ साली एका अमेरिकन साप्ताहिकाने मुखपृष्ठावर जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून छापले होते. त्याचा नातू आणि वारस मुकर्रम जाह जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूल येथील एका साध्या सदनिकेत वारला. १९६७ साली त्याच्याकडे आजोबांची गादी आणि मिळकत आली. १९७१ साली घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे गेले. त्यानंतर तो ऑस्ट्रेलियात गेला, तेथे सुमारे पाच लाख एकरांचे मेंढपाळीचे रान घेतले आणि कर्ज, कोर्टकज्जे व घटस्फोट यांत उरलेली मिळकत वितळत गेली. त्याच्या मृत्यूनंतर वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरून हळहळ व्यक्त केली. तेलंगणा सरकारने शासकीय इतमामात अंत्यविधी करविला. एका मनुष्याच्या मरणाविषयी कोणी वावगे बोलू नये, आम्हीही बोलत नाही. परंतु त्या रकान्यांत एक प्रश्न कोठेही आढळला नाही: ही संपत्ती आली कोठून?

हैदराबाद संस्थानातील सुमारे दहावा हिस्सा जमीन सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खाजगीकडची होती. आणखी तीस टक्क्यांच्या आसपास जमीन जहागीरदारांच्या हाती होती. रयतेच्या खळ्यावरून धान्य उचलले जाई, वेठीला माणूस धरला जाई आणि त्यातून वाडे व जवाहिर उभे राही. जहागीरदार, देशमुख आणि त्यांचे कारभारी यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. भरडली गेलेली रयतही दोन्ही धर्मांची होती. निजामाच्या वैभवाच्या कथेला धर्माचा रंग देणारे हे सोयिस्करपणे विसरतात. १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या तेव्हा जहागीरदारांना भरपाई मिळाली. निजामाला वर्षाला ५० लाख रुपये तनखा बांधून मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या वेठीला राबलेल्या महार, मांग, भिल्लाच्या घामाची भरपाई कोणी मोजली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या अर्थमंत्र्याने लंडनच्या बँकेतून पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या नावे वळविलेले दहा लाख पौंड तर ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तोवर साडेतीन कोटी झाले होते. कुणी मारले नाही, कुणी राबले नाही, नुसते पडून वाढले. लक्ष्मी चंचल म्हणणाऱ्यांनी सांगावे, ही सत्तर वर्षे एका जागी बसून वाढलेली लक्ष्मी कोणत्या जातीची?

खरे पाहता श्रीमंतांची पडझड कशी होते आणि समाज तिच्याकडे कसा पाहतो, याचा धडा याहून जुना आहे आणि तो मुंबईने १८६५ सालीच दिला आहे. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर उडी घातली. चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीच्या व्यापारापेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त आले. त्या पैशाला वाट हवी होती. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या समभागाला त्याच्या कित्येक पट भाव आला. कारकून, वकील, दलाल, इंग्रज अधिकारी, सारेच सट्ट्यात उतरले. या साऱ्याचा म्होरक्या होता प्रेमचंद रायचंद. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे सौदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा देणारा कोणी उरला नव्हता. बॉम्बे बँकेने सटोडियांना वाटलेले पैसे बुडाले आणि पुढे ती बँकच गुंडाळावी लागली.

आता समाजाची प्रतिक्रिया पाहा. पेढीवाल्यांचे दिवाळे निघाले तेव्हा त्यांच्या मिळकतींचा झटपट निकाल लागावा म्हणून त्याच वर्षी खास कायदा करण्यात आला. प्रेमचंदला मुंबईने क्षमा केली. भरभराटीत त्याने विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला आणि तो आजही डौलाने उभा आहे. प्रेमचंद पुन्हा व्यापारात उभा राहिला आणि १९०६ साली प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून वारला. त्याच्या धडाडीविषयी आम्हांला कौतुकच आहे.

पण त्याच कापसाने आणखी एक माणूस पाडला होता. तेजीत पुणे-नगरकडच्या कुणब्याने कापूस पेरला; सावकारानेही मागेल तेवढी उधारी दिली, कारण पीक तारण होते. भाव पडला, आणि नेमक्या त्याच सुमारास, १८६६-६७ पासून, सरकारने तीस वर्षांच्या मुदती संपलेल्या तालुक्यांत सारा वाढविला. काही गावांत तो दीडपट-दुप्पट झाला. कुणब्याची जमीन दिवाणी न्यायालयातून सावकाराकडे जाऊ लागली. हाही एका झटक्यात कंगाल झालेला मनुष्यच होता. त्याच्यासाठी खास कायदा झाला नाही, कोणी अश्रू ढाळले नाहीत. दहा वर्षे तो गप्प राहिला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक उठले, आणि तो उठाव नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जतपर्यंत पसरला.

त्या लोकांनी काय केले, हे आमच्या पहिल्या प्रकारच्या मित्रांनी लक्षपूर्वक वाचावे. माणसे मारण्याचे प्रकार फारच थोडे झाले. लोकांनी मागितली ती खते, रोखे आणि वह्या. मिळाल्या तेथे त्यांची होळी केली. सावकाराच्या पोटाचा घेर हे आपले दुखणे नसून तो कागद हे आपले दुखणे आहे, हे त्या निरक्षर कुणब्याला पक्के ठाऊक होते. चौकशी समिती बसली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. गोदावरीच्या अलीकडे, निजामाच्या मुलखात, त्या कायद्याचा उपयोग अर्थातच नव्हता.

श्रीमंताच्या पडण्याचा आनंद मानणे म्हणजे कागद तसाच ठेवून सावकाराच्या पोटाकडे पाहणे होय. अनिल अंबानी यांचे उदाहरण घ्या. २००८ साली जगातील श्रीमंतांच्या यादीत ते सहाव्या क्रमांकावर होते. मार्च २०१९ मध्ये तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांच्या कंपनीला एका परदेशी कंपनीचे सुमारे साडेचारशे कोटी रुपये भरावे लागले आणि त्यासाठी थोरले बंधू धावून आले. फेब्रुवारी २०२० मध्ये, देणी वजा जाता आपली संपत्ती शून्य असल्याचे त्यांच्यातर्फे लंडनच्या न्यायालयात सांगण्यात आले. देशभर चेष्टेला ऊत आला. आमच्याही बैठकींत विनोद झाले. पण त्या शून्यामागे सरकारी बँकांची थकलेली कर्जे होती, आणि ती तुमच्या-आमच्या ठेवींतून दिलेली होती. श्रीमंत पडला म्हणून श्रीमंती नाहीशी झाली असे होत नाही. ती एका हातातून दुसऱ्या, बहुधा आणखी मोठ्या, हातात जाते. बुडते ती गरिबाची आणि मध्यमवर्गीयाची पुंजी.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा हे उघड्यावर दिसले. बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक एकाच बांधकाम समूहाकडे गेल्याचे बाहेर आले. त्या समूहाच्या मालकांची विमाने आणि मोटारी जप्त होत असल्याची छायाचित्रे लोकांनी चवीने पाहिली. त्याच दिवसांत ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून आरंभी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांहून जास्त ठेव असणाऱ्यांच्या पैशाचे हप्ते दहा वर्षांपर्यंत लांबविले गेले. सत्तरीतल्या माणसाने दहा वर्षे थांबावयाचे!

फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्याचे बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांना अटक झाली तेव्हा तर हळहळीला मराठी बाण्याची जोड मिळाली. उद्योगात मराठी माणूस पडला, याचे अनेकांना दुःख झाले. दोषी कोण हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही त्यात पडत नाही. पण ज्यांच्या मुदत ठेवी अडकल्या ते निवृत्त शिक्षक आणि कारकूनही मराठीच होते ना? त्यांच्यासाठी मराठी मन तितके का कळवळले नाही?

आता पाचोडकडे परत येऊ. या भागाची ओळख मोसंबी आणि कापूस यांनी झाली आहे. मोसंबीचे झाड लावल्यापासून फळ धरायला पाच वर्षे जातात. तोवर त्याला लेकरासारखे पाणी पाजावे लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात जायकवाडीचा साठा तळाला गेला, विहिरी आटल्या, आणि टँकर विकत घेऊनही बागा वाचल्या नाहीत. जालना-पैठणच्या पट्ट्यात कुऱ्हाड लावून झाडे सरपणाच्या भावाने गेली. कालचा बागायतदार आज कोरडवाहूवाला झाला, आणि नंतर दुसऱ्याच्या बांधावर मजूर. अकस्मात संपत्ती गेलेला मनुष्य याहून वेगळा कोणता असतो?

आणि त्याच्याबद्दलचे लोकमत काय? ‘मुलीच्या लग्नात उधळले’, ‘झेपत नव्हते तर ट्रॅक्टर कशाला घेतला’. कर्जमाफी जाहीर झाली, २००८ साली केंद्राची, २०१७ व २०१९ साली राज्याची, तेव्हा शहरातील शहाणे म्हणाले की यामुळे परतफेडीची शिस्त बिघडते. मार्च २०२२ अखेरच्या पाच वर्षांत बँकांनी १० लाख कोटी रुपयांहून अधिक थकीत कर्जे हिशेबातून वजा केली, असे सरकारनेच संसदेत सांगितले. लेखापालांच्या भाषेत याला माफी म्हणत नाहीत, वसुली चालू राहते असे म्हणतात. ते आम्हांला मान्य आहे. पण मग शेतकऱ्याच्या थकबाकीसाठी जी शिस्त आठवते ती येथे का आठवत नाही? उद्योगपतीची कंपनी बुडाली तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने तिच्यासाठी न्यायाधिकरण, व्यावसायिक आणि मुदत यांची सोय केली आहे. मोसंबीवाल्याची कंपनी म्हणजे तो स्वतः. तो बुडाला तर त्याचे घर, बायकोचे दागिने आणि बैलजोडी त्याच्यासोबत जाते. कधी कधी तोही जातो, आणि मराठवाड्यात अशा घरांची संख्या थोडी नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणे आहे की, पुढच्या वेळी एखादा धनिक कोसळल्याची बातमी येईल तेव्हा त्याच्या महालाची चर्चा करू नका. त्याच्यासोबत कोण कोण बुडाले त्यांची यादी करा. पैठण तालुक्यात तर यादीसाठी धनिक कोसळण्याची वाट पाहावयासही नको. खाजगी सावकाराकडून रक्कम घेताना गहाणखताऐवजी खरेदीखत करून द्यावे लागलेले शेतकरी पाचोड, आडूळ, विहामांडवा या भागांत शोधल्यास सापडतील. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने अशा व्यवहारात गेलेली जमीन परत देववण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला दिला आहे. अर्ज लेखी लागतो, चौकशीत पुरावा लागतो, आणि शेतकरी एकटा गेला तर पहिल्याच तारखेला दबकतो. खरेदीखताची नक्कल, सातबाऱ्याचा उतारा, पैसे दिल्या-घेतल्याच्या साक्षीदारांची नावे आणि कबूल केलेले व्याज एवढे टिपून घ्यावे आणि सुनावणीला त्याच्यासोबत दोघांनी तरी जावे.