कठड्याचा गुळगुळीतपणा : रंगाचा की घासाईचा?

लाकडी जिन्याच्या कठड्याला गुळगुळीत रूप हवे असेल तर महाग ऑइल पेंट आणावा, त्याचा हात जाड द्यावा आणि उरलेसुरले दोष लांबीखाली झाकावेत, असा पूर्वपक्ष घरमालक आणि ठेकेदार दोघेही मांडतात. घासाई ही मजुरी वाढवणारी बाब आहे, असेही त्यांचे म्हणणे असते. रंग चांगल्या प्रतीचा असावा हे निर्विवाद आहे, कारण टिकाऊपणा आणि चकाकी त्यावर ठरते. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

ऑइल पेंट दोन टप्प्यांत वाळतो : आधी त्यातील पातळ द्रव्य उडून जाते आणि मग हवेतील प्राणवायू शोषून थर वरून खाली कडक होत जातो. थर जाड असेल तर वर साय धरते, आतला रंग ओला राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. शिवाय कठड्याचे खरादी खांब उभे व गोल असल्याने जाड रंग त्यांच्या खाचांत साचतो आणि खाली ओघळतो. चकाकणारा रंग तर दोष लपवण्याऐवजी उठूनच दाखवतो. लांबी, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचे तेल यांचा लगदा, खिळ्यांची भोके व भेगा भरण्यापुरती योग्य आहे. सरसकट थापलेली लांबी हवेतील ओलीनुसार फुगणाऱ्या-आकसणाऱ्या लाकडाबरोबर हलत नाही आणि पापुद्र्याने सुटते.

म्हणून सिद्धान्त असा, की गुळगुळीतपणा लाकडात घडवावा लागतो आणि रंग तो फक्त राखतो. आधी 120 आणि मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने घासावे. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने ते थिनरच्या फडक्याने पुसावे. गाठींतून राळ झिरपू नये म्हणून त्यांवर चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, हात द्यावा. प्रायमरने उभे राहिलेले तंतू 220 नंबरने बसवावेत आणि रंगाचे पातळ हात देताना प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर 320 नंबरने हलके घासून धूळ टिपावी.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगावच्या हवेत या क्रमाला ऋतूचीही जोड हवी. मे महिन्याच्या उन्हात रंग पसरून समतल होण्याआधीच ओढतो आणि ब्रशच्या रेघा उरतात. पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि रंग चिकट राहतो. सोयाबीनची मळणी आटोपून धुरळा बसल्यानंतर होळीपर्यंतचा काळ या कामाला सर्वांत अनुकूल ठरतो.

जुन्या कठड्याबाबत एक आक्षेप मात्र रास्त आहे : घासाईची धूळ घातक असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांवर मर्यादित करणारे नियम 2016 साली झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता असते. परंतु यातून घासाई टाळावी असे सिद्ध होत नाही. वॉटर पेपरने ओले घासावे, तोंडावर योग्य मास्क असावा आणि मुलांना दूर ठेवावे, एवढेच सिद्ध होते.

उरतो मजुरीचा प्रश्न. घासाईला अंदाजपत्रकात वेगळी जागा नसते, म्हणून रंगारी तिला काट मारतो आणि दोष त्याच्या हाताला दिला जातो. हा अन्याय आहे. घासाईची मजुरी स्वतंत्र लिहावी आणि रंगाचा डबा उघडण्यापूर्वी कठडा तिरप्या उजेडात, बोटे फिरवून तपासावा. ज्या श्रमावर कामाची प्रत ठरते, त्याचे मोल नाकारून उत्तम कामाची अपेक्षा धरणे न्याय्यही नाही आणि व्यवहार्यही नाही.