सात वर्षांनंतर गाडी कुणाची?

हायब्रिड गाडी म्हातारी झाली की तिचं काय होतं, हा प्रश्न आपल्याकडे अजून फारसा कुणी विचारत नाही. साहजिक आहे. मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, होंडाची सिटी हायब्रिड या गाड्या २०२२ या एकाच वर्षात आपल्याकडे आल्या. त्याआधी २००८ मध्ये होंडाने सिव्हिक हायब्रिड आणली होती, २०१० मध्ये टोयोटाने प्रियस आणली, पण त्या इतक्या महाग होत्या की आपल्या गल्लीत कुणी पाहिल्या असतील तर नशीबच म्हणायचं. थोडक्यात, आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक हायब्रिड अजून कोवळ्या आहेत.

जपान आणि अमेरिकेत मात्र त्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. पहिली प्रियस जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात विक्रीला आली, अमेरिकेत २००० मध्ये. तिथल्या मालकांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत काय काय भोगलं ते आपण आत्ताच समजून घेतलं पाहिजे. कारण या गाड्या जेव्हा पहिल्या मालकाच्या हातून सुटतील, तेव्हा त्या कुणाकडे येणार हे आपल्याला माहीत आहे. टुरिस्ट परवान्यावर गाडी चालवणारा भाऊ, हप्त्यावर सेकंडहँड घेणारा मामा, आणि ती दुरुस्त करणारा कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मिस्त्री. यातला एखादा तरी आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल. प्रियससारख्या गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि विजेच्या मोटरी असतात. बॅटरी साधारण २०० व्होल्टची. हा दाब वाढवून आणि त्या विजेचं रूप बदलून मोटरीला देणारा जो डबा असतो त्याला इन्व्हर्टर म्हणतात. २००९ पासून बनलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये हा दाब ६५० व्होल्टपर्यंत चढतो. घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात, यावरून अंदाज करा. एवढी वीज हाताळणारे इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर जोरात वेग घेताना तापतात, गाडी सावकाश चालली की थंड होतात, पुन्हा तापतात. घाटात भरलेली गाडी चढवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

दुखणं तिथंच निघालं. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातल्या १९ लाख प्रियस परत बोलावल्या. सॉफ्टवेअरच्या मांडणीमुळे ते ट्रान्झिस्टर गरजेपेक्षा जास्त तापत होते आणि खराब होऊ शकत होते. असं झालं की गाडीने 'फेल-सेफ' अवस्थेत जायचं असतं. म्हणजे जोर कमी होतो, दिवे लागतात, पण रांगत का होईना गाडी रस्त्याच्या कडेला नेता येते. कंपनीनेच मान्य केलं की काही वेळा चालत्या गाडीची हायब्रिड यंत्रणा पूर्ण बंद पडू शकते. अमेरिकेच्या सहा पदरी महामार्गावर मागून ट्रक येत असताना गाडीचा जोर जाणं म्हणजे काय, ते मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर गेलेल्या कुणालाही कळेल.

उपाय काय केला? सॉफ्टवेअर बदललं. ज्यांचा इन्व्हर्टर आधीच जळाला होता त्यांना नवा मिळाला. बाकीच्यांना तोच जुना डबा, नव्या हुकुमांसह.

मग ऑक्टोबर २०१८ मध्ये पुन्हा बोलावणं आलं, या वेळी जगभरात सुमारे २४ लाख गाड्यांना. यातल्या अनेक गाड्या आधीच्या रिकॉलमध्ये दुरुस्त होऊन गेलेल्या होत्या. आता कारण असं की काही परिस्थितीत गाडी त्या फेल-सेफ अवस्थेत जातच नाही, सरळ बंद पडते. जून २०२० मध्ये याच धर्तीवर आणखी साडेसात लाख गाड्या बोलावल्या गेल्या. दरम्यान कॅलिफोर्नियातल्या एका टोयोटा डीलरनेच आपल्याकडच्या जुन्या प्रियस विकायला नकार दिला होता. दुरुस्ती पुरेशी नाही असं त्याचं म्हणणं होतं, आणि २०१७ मध्ये त्याने ते केंद्रीय सुरक्षा यंत्रणेकडे लेखी दिलं, कंपनीवर खटलाही भरला. ज्याची रोजीरोटी गाड्या विकण्यावर आहे तो माणूस विकायला नाही म्हणतो, ही गोष्ट मला कंपनीच्या कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त बोलकी वाटते.

ब्रेकची गोष्ट आणखी नाजूक आहे. साध्या गाडीत पाय दाबला की तेलाच्या दाबाने ब्रेक लागतो. हायब्रिडमध्ये आधी मोटर जनित्रासारखी चालून गाडी हळू करते आणि वीज परत बॅटरीत घालते, मग गरज पडेल तसा तेलाचा ब्रेक येतो. या दोघांची सांगड संगणक घालतो. २०१० च्या फेब्रुवारीत या सांगडीतल्या दोषासाठी सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर क्षणभर ब्रेक लागत नाही असं वाटायचं. २०१३ मध्ये आणखी २ लाख ४२ हजार, ब्रेकचा दाब साठवून ठेवणाऱ्या भागाला तडा जाण्याच्या शक्यतेमुळे. या गाड्या जुन्या झाल्यावर मालक जी लक्षणं सांगतात ती अशी: ब्रेकचा पंप पुन्हा पुन्हा गुंजत राहतो, पिवळे-लाल दिवे लागतात, आणि एक दिवस पेडल नेहमीपेक्षा फार जोरात दाबावं लागतं. या लक्षणांकडे 'आवाजच येतोय ना, गाडी तर चालतेय' म्हणून पाहणं धोक्याचं आहे.

हायब्रिड वाईट, असं मी म्हणत नाही. जगभरात टॅक्सीवाल्यांनी प्रियस निवडली ती उगाच नाही. लंडनच्या भाड्याच्या गाड्यांत बघा, उलानबातरच्या रस्त्यांवर बघा, जपानमधून आलेल्या जुन्या प्रियस तिथं बर्फात धावतात. लाखो किलोमीटर धावलेल्या गाड्या आहेत. आणि आपल्याकडच्या नव्या गाड्यांत तोच दोष आहे असंही नाही, त्यांची यंत्रणा नंतरच्या पिढीची आहे. मुद्दा वेगळा आहे. या दोषांपैकी अनेक गाडी नवी असताना दिसले नाहीत. उष्णतेचे हजारो फेरे झाल्यावर, धूळ साचल्यावर, दाब साठवणारा भाग थकल्यावर ते दिसले. काही दोष वय झाल्यावरच बाहेर येतात. तेव्हा प्रश्न असा की त्या वयात गाडीवर कायद्याची नजर असते का?

अमेरिकेत सदोष गाडीची दुरुस्ती फुकट करून देण्याचं बंधन पूर्वी पहिल्या विक्रीपासून दहा वर्षांपर्यंत होतं. २०१५ च्या कायद्याने ते पंधरा वर्षांवर नेलं. मालक कितवाही असो. शिवाय तिथल्या सुरक्षा यंत्रणेकडे कुणीही केलेली तक्रार, नाव-पत्ता झाकून, सगळ्यांना वाचता येते. प्रियसचा प्रश्न पुन्हा पुन्हा उघडावा लागला त्यात या खुल्या नोंदींचा मोठा वाटा आहे. एकट्याची तक्रार म्हणजे कुरकुर. तोच मजकूर, तेच मॉडेल, तेच वर्ष शेकडो वेळा लिहिलेलं दिसलं की पत्रकार, वकील आणि अधिकारी, तिघांनाही हालचाल करावी लागते.

आपल्याकडे २०१२ पासून मोटार उत्पादकांच्या संघटनेची, सियामची, ऐच्छिक संहिता होती. कंपनीला वाटलं तर गाडी बोलवायची. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की सरकार चौकशी करून कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं, एक कोटीपर्यंत दंडही आहे. ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या नियमात एक अट आहे: गाडी सात वर्षांपेक्षा जुनी नसावी.

सात वर्षं! आता ही बाकीची आकडेमोड त्याच्याशेजारी ठेवून पाहा. खासगी गाडीची नोंदणी सरकार पंधरा वर्षांसाठी देतं. महाराष्ट्रात आपण रस्ताकर एकरकमी भरतो. हायब्रिड बॅटरीवर टोयोटा आणि मारुती आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. म्हणजे स्वतःच्या खिशातून खर्च करणारी कंपनी आठव्या वर्षापर्यंत जबाबदारी घ्यायला तयार आहे, आणि नागरिकाच्या जिवाची काळजी घेणारा नियम त्याच्या एक वर्ष आधीच डोळे मिटतो. हा नियम अमेरिकेत असता तर २०१८ च्या त्या रिकॉलमधून २०१० ची प्रियस बाहेर पडली असती.

या अटीचा भार कुणावर पडतो तेही पाहू. पहिला मालक पाच-सहा वर्षांत गाडी विकून नवी घेतो. तो सुरक्षित कालावधीत गाडी वापरून निघून जातो. सातव्या वर्षानंतर ती ज्याच्या दारात उभी राहते त्याच्याकडे अधिकृत सर्व्हिस सेंटरचं बिल भरायला पैसे नसतात. त्याला पूर्ण नवी बॅटरी परवडत नाही, मग तो स्वस्तातला मार्ग शोधतो. आणि हा मार्ग आपल्या गॅरेजमधून जातो.

इथं जरा थांबायला हवं, कारण मला सगळ्यात जास्त काळजी मिस्त्रीची वाटते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या बॅटरीत २८ तुकडे एका ओळीत जोडलेले असतात, प्रत्येकी ७.२ व्होल्टचे. त्यातला एक मेला की पूर्ण बॅटरी बदलण्याऐवजी तेवढाच तुकडा जुन्या बॅटरीतून काढून घालायचा, हा उद्योग जगभर चालतो. चार महिन्यांनी शेजारचा तुकडा जातो. तांब्याच्या पट्ट्यांचे नट कमीजास्त आवळले गेले तर तो सांधा तापतो, आणि पुढे आगीची भीती. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याचं तोंड मागच्या सीटजवळ असतं. तिथं सीटकव्हर चढवलं, सामानाच्या पिशव्या रचल्या किंवा नुसती धूळ साचली तरी बॅटरी आतून शिजत राहते. मराठवाड्याच्या मे महिन्यात तर बोलायलाच नको. ते तोंड स्वच्छ करायला पाच मिनिटं लागतात आणि पैसा एकही लागत नाही, पण सेकंडहँड गाडी विकताना हे कुणी सांगत नाही.

आणि नारिंगी केबल. हायब्रिडमध्ये जिथं जिथं नारिंगी वेष्टनाची जाड तार दिसेल तिथं जीव घेईल एवढा विजेचा दाब असू शकतो. बाराची बॅटरी काढली म्हणजे गाडी मेली, हा साध्या गाडीवरचा धडा इथं चालत नाही. मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग ओढावा लागतो, तोही हजार व्होल्टसाठी बनवलेले रबरी हातमोजे घालून, आणि त्यानंतर इन्व्हर्टरमधली साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं थांबावं लागतं. मग मीटर लावून खात्री. आपला मिस्त्री हुशार आहे, आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतो. पण वीज आवाज करत नाही. हे शिक्षण त्याला मोबाईलवरच्या व्हिडिओतून मिळू नये. ते आयटीआयमध्ये, संध्याकाळच्या छोट्या वर्गात, त्याला समजेल अशा मराठीत किंवा उर्दूत मिळालं पाहिजे. आपल्या मोहल्ल्यातल्या संस्था स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतात, शिलाईचे वर्ग घेतात. गॅरेजमधल्या पोरांसाठी दोन दिवसांचा असा वर्ग का घेऊ नये? हातमोजांचा एक जोड चार गॅरेज मिळूनही घेऊ शकतात.

फिटनेस तपासणी आहे ना, असं कुणी म्हणेल. त्या तपासणीत ब्रेकची पकड, दिवे, धूर, टायर पाहिले जातात. वर्षानुवर्षं तापून थकलेला ट्रान्झिस्टर त्या दिवशी नीट वागला तर कुणाला दिसणार?

म्हणून मागणी साधी आहे आणि ती कुठल्याही एका समाजाची नाही. रिकॉलची वयोमर्यादा नोंदणीइतकी, म्हणजे पंधरा वर्षं असावी. गाडी किती हातांतून फिरली याचा संबंध नसावा. आणि आलेल्या तक्रारी, तक्रारदाराची ओळख झाकून, सगळ्यांना पाहता याव्यात.

यात आपल्या हातात असलेलंही बरंच आहे. सेकंडहँड गाडी घेताना आरसी बुक आणि विमा पाहतो तसा चेसिस नंबर कंपनीच्या रिकॉल तपासणीत टाकून पाहायचा. जुन्या मालकाकडून रिकॉलची दुरुस्ती झाल्याची पावती मागायची. गाडी चालता चालता बंद पडली, ब्रेकने दगा दिला, तर गॅरेजमध्ये शिव्या घालून गप्प बसायचं नाही. तारीख, किलोमीटर, लागलेल्या दिव्यांचे फोटो जपायचे आणि परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवायची. ज्या चाचांना अर्ज भरता येत नाही त्यांचा अर्ज आपण भरून द्यायचा. आधार आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतोच की.

सात वर्षांची अट मूळ कायद्यात नाही, नियमात आहे. ती बदलायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही, मंत्रालयाची अधिसूचना पुरते, आणि तशा मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. २०२२ मध्ये घेतलेली पहिली ग्रँड विटारा आणि पहिली हायरायडर २०२९ मध्ये सात वर्षांची होईल.