जुना फोन, नवी बॅटरी आणि मी

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, माझा जुना फोन सासूबाईंना देतेय. त्यांना जरा शिकवशील का?" मी म्हटलं, "शिकवीन की. पण आधी तो फोन दुकानात ने आणि त्याची बॅटरी बदलून घे. मग दे." ती हसली. मावशीचं काहीतरी नवीन खूळ, असं तिला वाटलं असणार. म्हणून म्हटलं, हे एकदा सविस्तर लिहूनच काढावं. घरातल्या इतरांनाही उपयोग होईल.

आपल्याकडे फोनचा प्रवास ठरलेला असतो. मुलगा नवा फोन घेतो, जुना आईकडे किंवा वडिलांकडे येतो. पूर्वी मोठ्या भावाचा सदरा धाकट्याकडे यायचा, आता ही गंगा उलटी वाहते एवढंच! माझी याबद्दल काहीच तक्रार नाही. चांगली चालणारी वस्तू फेकून देणं मला कधीच जमलं नाही. माझा आताचा फोनही मुलाचाच. त्याने तो २०२१ मध्ये घेतला, दोन वर्षं वापरला आणि २०२३ च्या दिवाळीत बंगलोरहून येताना माझ्यासाठी घेऊन आला. नवं कव्हर, नवी काच, सगळं घालून. एकच गोष्ट जुनी राहिली होती, ती आत होती आणि दिसत नव्हती.

आता खरी गोष्ट सांगते. मे २०२५. धाकट्या बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं म्हणून मी एकटीच एसटीने पुण्याला गेले. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पुण्याला जायला मला निमित्त फारसं मोठं लागत नाही! परत येताना स्वारगेटहून साडेचारची गाडी मिळाली. साडेसात, फार तर आठपर्यंत साताऱ्यात पोचायला हवी होती. निघताना मुलाला फोन करून तसं सांगितलं. शिरवळला बघितलं तर फोनमध्ये ३४ टक्के. म्हटलं, पुष्कळ झाले.

पुढे खंबाटकीच्या घाटात गाडी अडकली. वर कुठेतरी एक ट्रक बंद पडला होता आणि रविवारची गर्दी. मुलाला उशीर होतोय म्हणून कळवावं, तर फोन लावला आणि दुसऱ्याच रिंगला पडदा काळा! ३४ टक्के असलेला फोन एका क्षणात बंद. परत चालू केला, तो कंपनीचं चिन्ह दाखवून पुन्हा झोपला.

शेजारी एक कॉलेजातली मुलगी बसली होती. गुणी पोर. "आजी, माझ्या फोनवरून लावा ना," म्हणाली. फोन हातात घेतला आणि माझ्या लक्षात आलं की मला मुलाचा नंबर पाठ नाही. चाळीस वर्षं मुलांकडून पाढे आणि सनावळ्या पाठ करून घेतल्या, आणि स्वतःच्या मुलाचा नंबर येईना! पाठ होता तो फक्त आमच्या घरातल्या जुन्या लँडलाइनचा, जी केव्हाच काढून टाकली.

घरी पोचायला पावणेअकरा वाजले. दारात शेजारच्या वहिनी उभ्या. त्यांचा मुलगा मोटरसायकल घेऊन दोनदा स्टँडवर जाऊन आलेला. माझ्या मुलाने मला एकोणीस वेळा फोन केला होता, बहिणीकडे केला होता, आणि शेवटी सातारला यायला म्हणून रात्रीच्या बसचं तिकीट बघत होता. वहिनींच्या फोनवर तो माझ्याशी बोलला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. आधी रडवेला झाला, मग रागावला. आणि मग म्हणाला, "आई, आता पुरे. एकटीने पुण्याला जायचं नाही. मी तुला नवा फोन पाठवतो, पण प्रवास बंद."

त्याची काळजी मला कळत होती. हे गेल्यापासून तो रोज रात्री फोन करतो, एकही दिवस चुकत नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. घाटात मी घाबरले नव्हते, रस्ता चुकले नव्हते, गाडी चुकवली नव्हती. पेपर फोनचा होता आणि नापास मात्र मला केलं होतं! चौऱ्याहत्तराव्या वर्षी अशा एकेक गोष्टी 'आता पुरे' होत जातात आणि परत सुरू होत नाहीत, हे मी माझ्या आजूबाजूला पाहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी पोवई नाक्याजवळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे गेले. गणितात यथातथाच होता, पण हात सोन्याचे. त्याने फोन बघितला, काहीतरी जोडून तपासला आणि म्हणाला, "बाई, फोन एकदम उत्तम आहे. फक्त बॅटरी म्हातारी झालीय." आणि एकदम जीभ चावली. मी म्हटलं, "बोल बोल, म्हातारीसमोर म्हातारीबद्दलच बोलतोयस."

मग त्याने मला जे समजावलं, ते मला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाइतकं छान वाटलं. या बॅटऱ्या लिथियम-आयन जातीच्या. चार्ज करताना आणि वापरताना लिथियमचे कण आत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ये-जा करतात. प्रत्येक फेरीत थोडे कण अडकून पडतात, ते पुन्हा कामाला येत नाहीत. त्यामुळे बॅटरीत मावणारी वीज हळूहळू कमी होते. पूर्ण १०० टक्के वीज वापरली की एक फेरी, मग ती एका दिवसात वापरा नाहीतर दोन दिवसांत पन्नास-पन्नास. बऱ्याच फोनच्या बॅटऱ्या अशा ५०० फेऱ्यांनंतर मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतात. नव्या काही फोनमध्ये हा आकडा १००० पर्यंत गेला आहे. माझ्या फोनला चार वर्षं झालेली. म्हणजे हिशेब तुम्हीच करा!

"पण ३४ टक्के दाखवत होता की रे," मी म्हटलं. तर म्हणाला, "बाई, गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे, पण पाइपात क्षार साचलेत. एक नळ बारीक सोडला तर येतं. सगळे नळ एकदम सोडले की धार तुटते." जुन्या बॅटरीचं तसंच होतं. वीज शिल्लक असते, पण फोनने एकदम जास्त मागितली की तिला ती पुरवता येत नाही, दाब पडतो आणि फोन बंद होतो. आणि घाटात रेंज कमी असते, तेव्हा टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावतो. म्हणजे जिथे फोनची खरी गरज, नेमकं तिथेच म्हाताऱ्या बॅटरीचं अवसान गळतं.

माझ्याही चुका होत्याच, त्या कबूल करते. फोन पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही, असं माझं व्रत होतं. ते जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातलं शहाणपण. या बॅटऱ्यांना ते उलट बाधतं. साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांमध्ये त्या सुखी असतात. दुसरी चूक म्हणजे रात्री फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवणं. उष्णता हा बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू. ३५ अंशांच्या वरच्या हवेत बॅटरीची ताकद कायमची घटू शकते, आणि आपला मे महिना तर चाळिशीकडे धावतो! उन्हात खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर, गादीत, कुठेच फोन ठेवू नये. तिसरी, उघडलेली सगळी अ‍ॅप्स सारखी वर ढकलून बंद करायची माझी सवय. त्याने बॅटरी वाचत नाही, उलट तेच अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त वीज लागते.

वाचते कशाने? पडद्याचा उजेड कमी करण्याने. पडदा अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होईल असं करण्याने. सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर कोणतं अ‍ॅप किती खातं ते दिसतं, ते बघण्याने. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद करण्याने. (आपल्या घरच्या ग्रुपवरचे सुप्रभात मी आता सगळेच उघडत नाही. रागावू नका. भावना पोचतात.)

पण हे सगळं झालं पथ्य. पथ्याने म्हातारपण लांबतं, परत तारुण्य येत नाही. माझ्या फोनला बॅटरीच बदलायला हवी होती. विद्यार्थ्याने स्वतःचा धंदा सोडून सांगितलं की या मॉडेलची खात्रीची बॅटरी त्याच्याकडे नाही, नकली घालणार नाही, कंपनीच्या सेंटरला जा. तिथे गेले तर काउंटरवरचा मुलगा फोनकडे न बघताच म्हणतो, "मॅडम, चार वर्षांचा फोन आहे, एक्स्चेंजमध्ये नवा घ्या." मी म्हटलं, "मला बॅटरी हवी आहे." तीन वेळा म्हणावं लागलं. शेवटी १,८५० रुपयांत काम झालं. मुलगा जो नवा फोन पाठवणार होता, तो बावीस हजारांचा होता.

इथे माझा राग आहे. पूर्वी नोकियाच्या फोनचं मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी कुणीही बदलायचं. आता फोन चिकटवून बंद करतात. बॅटरी थकली की माणसाला वाटतं फोनच थकला. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झालेले काही आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांनी ते मुद्दाम हळू केले होते. लोकांनी आरडाओरडा केल्यावर माफी मागितली आणि २०१८ मध्ये बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला. नवी बॅटरी घातली की तेच फोन पुन्हा पळायला लागत होते! युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असा नियम ठरला आहे, फार टिकणाऱ्या बॅटऱ्यांना त्यात सवलत आहे. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती हा हक्क आहे, असं कुणीतरी म्हणायला लागलं हेही नसे थोडके.

मुलाची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. तो म्हणतो, जुन्या फोनला सुरक्षेची अपडेट्स येणं कधीतरी थांबतं, मग त्यावर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं. हे खरं आहे. तसं झालं की मी तो फोन बदलीन. आणि बॅटरी फुगून झाकण वर आलं असेल तर एक दिवसही वापरू नये, टोचू-दाबू नये, सरळ दुकानात न्यावा. पण अपडेट्स येत आहेत, फोन धडधाकट आहे, तोवर फक्त बॅटरीपायी तो टाकून देणं मला पटत नाही.

एक गंमत वाचली ती सांगते. या बॅटरीच्या शोधासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेला माणूस दुसरा नाही. मी हे मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, "आई, तू ना..." आणि हसला. पुष्कळ दिवसांनी तो विषय हसण्यावारी गेला.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. आईवडिलांना, सासूसासऱ्यांना जुना फोन जरूर द्या. पण नवं कव्हर घेण्याआधी नवी बॅटरी घाला. तुम्ही ऑफिसात दिवसातून तीनदा चार्जर लावता, तुमचं चालून जातं. आमचा फोन एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, घाटात असतो, आणि तो बंद पडला की तुमचा जीव टांगणीला लागतो आणि आमचं बाहेर जाणं बंद होतं. आणि माझ्या वयाच्यांनो, मुलाचा किंवा मुलीचा नंबर पाठ करा. पाठ होत नसेल तर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. त्या कागदाला चार्जिंग लागत नाही.

मी दोन्ही केलं आहे. बारशाला पुन्हा पुण्याला गेले, एकटीच. मुलाशी त्याबद्दल थोडा वाद झाला, पण गेले. येताना शिरवळला बघितलं तर ७१ टक्के. घाटातून त्याला फोन लावला, विशेष काही काम नव्हतं. "कुठे आहेस?" "घाटात." "रेंज आहे?" "आहे की." "बरं, पोचलीस की कळव," म्हणाला.

असो. तुमच्या घरात कुणाच्या हातात कुणाचा जुना फोन आहे ते एकदा बघा, आणि त्याची बॅटरी कधीची आहे ते विचारा.