खोल्या वेगळ्या, दालन एक

साहित्य संमेलन जवळ आलं की कुणीतरी म्हणतंच, "एवढा गोतावळा एकाच मांडवात कशाला? कवितेचं वेगळं करा, विज्ञानाचं वेगळं, बालसाहित्याचं वेगळं!" म्हणणं अगदीच चूक नाही हो. विज्ञानकथा ऐकायला आलेल्याने चार तास नवकवी का सोसावेत? नाट्यसंमेलन तर १९०५ पासून स्वतंत्र भरतंय, कुणाचं काही बिघडलं नाही.

मला मात्र या वादात अजिंठ्याचं १२ नंबरचं लेणं आठवतं. तिथे फारसं कुणी थांबत नाही, कारण चित्रं १, २, १६, १७ मध्ये. हा इसवी सनाआधीचा साधा विहार. दर्शनी भिंत पडून गेलीय, त्यामुळे बाहेरूनच सगळा नकाशा दिसतो: मधे चौकोनी दालन, तीन बाजूंना चार-चार खोल्या, प्रत्येकीत दोन दगडी ओटे. खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की तुम्ही दालनात. दुसऱ्याची गाठ न पडता कुठे जाण्याची सोयच नाही.

पाली विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. त्याच्याकडे काम काय, तर येणाऱ्यांना राहायच्या जागा वाटणं. (आजच्या भाषेत ॲडमिन!) सुत्तं म्हणणारे एकत्र, विनयाचा काथ्याकूट करणारे एकत्र, प्रवचनकार एकत्र. ध्यान करणारे बाजूला, म्हणजे एकमेकांचा त्रास नको. आणि गंमत म्हणजे, नुसत्या गप्पा हाणणाऱ्या आणि शरीर कमावणाऱ्या भिक्खूंचीही त्याने एकत्र सोय लावली. तेही आपल्या जागी खूष राहोत! मला हा माणूस फार आवडतो.

पण त्याच विनयात दुसरा नियम आहे. दर पंधरवड्याला उपोसथ, आणि एका सीमेत राहणाऱ्या सगळ्यांनी एकत्रच जमायचं. आजारी असाल तर दुसऱ्याकरवी कळवा. सीमा एक असताना दोन गटांनी दोन उपोसथ करायचे नाहीत. संघात फूट पाडणं तर आईबापाच्या हत्येच्या पंगतीतलं पाप. म्हणजे राहणं आवडीप्रमाणे, बैठक सगळ्यांची. तरीही संघ फुटलाच म्हणा, परंपरा अठरा निकाय मोजते. नियम केला की माणसं एकत्र राहतात असं थोडंच आहे?

आता खरा अवघड प्रश्न. दालनात तुम्हाला जागाच नसेल तर? जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचं निमंत्रण नाकारलं ते याचसाठी. १९५८ मध्ये दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, उद्घाटक अण्णाभाऊ साठे. अजिंठ्यापासून शंभरेक किलोमीटरवर, तेव्हाच्या औरंगाबादेतून, गंगाधर पानतावणे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून 'अस्मितादर्श' चालवलं, थेट २०१८ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. याला कुणी 'फूट' म्हटलं की माझं डोकं फिरतं. ज्यांना आत बसू दिलं नाही त्यांनी आपलं घर बांधलं, आणि त्या घरातून मराठीला जे मिळालं ते मांडवातल्या कित्येक परिसंवादांनी दिलं नाही. 'बलुतं' १९७८ चं. १९८४ मध्ये जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष शंकरराव खरात झाले, तेव्हा दालनाचं दार थोडं रुंद झालं असं म्हणता येईल. थोडंच. १९९९ मध्ये धारावीत विद्रोही संमेलन भरवावं लागलंच की.

म्हणून माझा प्रश्न 'वेगळं व्हावं का' हा नाहीच. वेगळं व्हा असं कोण म्हणतंय, ते बघा. ज्याला जागा नाही तो निघाला, तर त्याला अडवू नका, दालन का अपुरं पडलं ते विचारा. पण ज्याची खुर्ची पक्की आहे तोच "आता विषयवार खोल्या करू" म्हणायला लागला, की मला संशय येतो. याला नक्की कुणाचं ऐकायचं नाहीये?

विज्ञानवाले पूर्वीच वेगळे काढले असते, तर नाशिकला २०२१ च्या संमेलनासाठी जयंत नारळीकरांची अध्यक्ष म्हणून निवड झालीच नसती.

तेव्हा संयोजकांनो, दुपारी हव्या तेवढ्या खोल्या करा. पण रोज संध्याकाळी दोन तास एकच कार्यक्रम ठेवा, शेजारी दुसरा मांडव नको. त्यात एक कवी, एक शास्त्रज्ञ, एक मुलांसाठी लिहिणारी आणि एखादी बाहेर राहिलेली व्यक्ती, जिला निमंत्रण नव्हे, वेळ द्या. आणि हो, गप्पिष्टांना चहाच्या स्टॉलशेजारी एक खोली राखून ठेवा.